आज कुणाचा राग आला?

मी चिडकी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी मध्येच आवाज चढवला. घरात मला लहानपणापासून तडतडी म्हणतात आणि ते नाव काही उगाच पडलेलं नाही. पण त्या शुक्रवारी मी जेवढी चिडले तेवढी उभ्या आयुष्यात चिडले नव्हते.

एकोणीस वर्षं मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होते. काम काय, तर पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि आम्ही सहाजणींनी त्यातली खोट असलेली बाटली हेरून बाजूला काढायची. तडा, बुडबुडा, वाकडं तोंड, काही दिसलं की उचल आणि टाक पिंपात. दिवसभर हेच. डोळ्यांची पार वाट लागायची. रविवारी मग मी बरोबर उलटं करायचे. एक जुना कॅमेरा घेतला होता, त्यावर माणसांचे फोटो काढायचे. पुढचा दात पडलेली मैत्रीण, एक डोळा किंचित तिरळा असलेला कारखान्याचा पहारेकरी, भाजलेल्या हाताची चहावाली. कारखान्यात जे पिंपात गेलं असतं ते सगळं मला फोटोत हवं असायचं. का, ते विचारू नका. काहींना तिखट आवडतं, मला हे आवडायचं.

मग मालकाने तपासणीचं यंत्र आणलं. यंत्र म्हणजे काय, चार कॅमेरे. आम्हा सहाजणींना हातात पाकीट देऊन घरी बसवलं. माझी नोकरी कॅमेऱ्याने खाल्ली! मीही म्हटलं, ठीक आहे, आता कॅमेऱ्यावरच जगून दाखवते.

आमचं घर आईच्या नावावर आहे. वर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याच्या कुटुंबासह राहतो. खाली आई आणि मी. खालच्या मजल्यावर रस्त्याला लागून एक खोली आहे, अकरा फूट बाय नऊ फूट, तिला मोठी खिडकी. तिच्यात वर्षानुवर्षं दादाची रिकामी खोकी पडलेली होती. ती मी एकटीने उपसली. भिंत घासली, दोनदा पांढरी केली. दोन दिवे, पाठीमागे लावायला पांढऱ्या कागदाची गुंडाळी, एक स्टूल, एक आरसा, फोटो छापायचं यंत्र. दादा जिन्यात उभा राहून बघायचा आणि म्हणायचा, "तडतडे, आजकाल भिकाऱ्याच्या फोनमध्येसुद्धा कॅमेरा असतो. तुझ्याकडे कोण मरायला येणार?"

आले. पहिल्या महिन्यात नाही, पण आले, आणि ते आले खिडकीतल्या फोटोमुळे. तो फोटो आईचा होता.

आईच्या डाव्या गालावर कोड आहे. डोळ्याखालून सुरू होतं ते हनुवटीपर्यंत उतरतं. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून ते आहे. आई कुठेही बसली की डावा तळहात गालाला लावून बसते, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं हिची दाढ दुखतेय. घरातल्या एकाही फोटोत तिचा पुरता चेहरा नाही. कुठे ती कुणाच्या तरी खांद्यामागे, कुठे नेमकी वळलेली. एकदा मात्र ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती, दोन्ही हात कामात, आणि दादाच्या घोरण्याची नक्कल करता करता स्वतःच खदखदून हसत होती. मी समोरून फोटो घेतला. सगळा चेहरा, सगळं हसू, सगळं कोड. माझ्या हातून एवढा चांगला फोटो आजवर दुसरा निघालेला नाही. मी तो दीड हात उंच करून घेतला, चौकटीत बसवला आणि स्टुडिओ उघडला त्या दिवशी खिडकीत टांगला. आईला आधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, चकित होईल. तीसेक माणसं जमली होती. आईने बघितलं आणि म्हणाली, "चांगला आलाय." मला आणखी काय हवं होतं!

लोक खिडकीपाशी थांबायचे. आत येऊन म्हणायचे, "त्या आजींचा काढलाय तसा आमचा काढाल?" एक बाई तर फोटोसमोर उभी राहून रडली, मग तिने आपल्या भाजलेल्या मुलीला आणलं. ओळखपत्राचे फोटो तर रोजचेच. माझी एक पद्धत आहे. माणूस स्टुलावर बसला की मी लगेच कॅमेरा उचलत नाही. विचारते, "आज कुणाचा राग आला?" 'हसा' म्हटलं की माणूस दात दाखवतो आणि आत कुठेतरी निघून जातो. राग कुणाचा आला विचारलं की परत येतो. कुणी साहेबाला शिव्या घालतं, कुणी नळाला. डोळ्यांत जीव येतो. तेवढ्यात मी बटण दाबते.

सहा महिने असे गेले. चांगले गेले. एकच गोष्ट मला खटकायची. आईचे गुडघे दुखतात, तरी ती हल्ली मागच्या दाराने जा-ये करायला लागली होती. मागे गल्लीत उतरायला सात पायऱ्या आहेत, त्याही उंच. पुढे दोनच. मी दोनदा टोकलं. "पुढे धूळ फार येते गं," म्हणाली. म्हातारपणी माणूस हट्टी होतं, म्हणून मी तिला धूळ पुसायला एक फडकं आणून दिलं आणि विषय सोडून दिला.

आणि मग दादा शिरला. आयत्या बिळावर नागोबा! बाजारातलं त्याचं फोनच्या वस्तूंचं दुकान चालेना. तो सकाळी खाली येऊन बसायला लागला. "तू फोटो काढ, मी छापून देतो. तुझं ते संगणकाचं काम म्हणजे मुंगीच्या पावलांनी." मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. छापायचं काम मला कंटाळवाणं वाटतं. बघता बघता पैशाचा गल्ला त्याच्या हाताशी, फोन त्याच्या हाताशी, आणि मी माझ्याच स्टुडिओत दिवे पुसायला. मग एक दिवस त्याने जाहीर केलं की इथे झटपट फोटोचं यंत्र लावायचं, माणूस आत बसेल, पडदा ओढेल, आपोआप फोटो निघेल. "तू कशाला उभी राहून पाय मोडतेस? तू आपली मदतीला राहा." मदतीला! माझ्या खोलीत, मला! पण खोली आईची. दादाने आईला विचारलं आणि आई म्हणाली, "रविवारी सांगते." 'नाही' म्हणाली नाही. ते मला आतल्या आत लागलं होतं. माझी अख्खी दुनिया त्या अकरा बाय नऊमध्ये होती, आणि आईला विचार करायला रविवार हवा होता.

आता तो शुक्रवार.

सकाळी अकराच्या सुमारास दार धाडकन उघडलं आणि एक नर्सबाई आत आली. मी ओळखलं तिला. आठवड्यापूर्वी येऊन गेली होती, नोंदणीच्या नूतनीकरणाला फोटो हवे होते. तिच्या डाव्या भुवईतून केसांपर्यंत गेलेला जुना वण आहे. लहानपणी झोक्यावरून पडली होती, तिनेच सांगितलं होतं. राग कुणाचा आला विचारल्यावर तिने रात्रपाळी लावणाऱ्या मुख्य नर्सचा असा उद्धार केला होता की मी हसत हसत फोटो काढला. तीच आता समोर उभी होती. हातातलं पाकीट तिने टेबलावर आपटलं.

"माझा वण कुठाय?"

मला आधी कळेचना. मी फोटो बाहेर काढले. बाई तीच, पण पीठ मळून गुळगुळीत केल्यासारखी. कपाळावर रेघ नाही, डोळ्यांखाली काळं नाही, आणि भुवई अखंड. गोरीही दोन छटा जास्त.

"नोंदणीच्या कचेरीत तीन खिडक्या फिरले मी सकाळपासून," ती म्हणाली. "नोंदणीच्या वहीत माझी ओळखीची खूण काय लिहिलीय? डाव्या भुवईवर वण. खिडकीतला माणूस एकदा फोटोकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, बाई, बहिणीचा फोटो आणलाय का? लोक हसले माझ्या मागे! आज शेवटची तारीख आहे. चार वाजता खिडकी बंद होते. सोमवारी नोंदणी नसेल तर मला वॉर्डात पाय ठेवता येणार नाही. कळतंय का तुम्हाला?"

मी दादाकडे बघितलं. दादा खुर्चीत रेलून बसला होता. म्हणाला, "ताई, पण चांगल्या दिसताय की! लोक जास्तीचे पैसे देऊन असं करून घेतात."

"मला चांगलं दिसायचं नव्हतं," नर्सबाई म्हणाली. "मला कामावर जायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी काम. मी तिला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, केस मागे घ्यायला सांगितलं. त्या दिवशी राग कुणाचा आला ते विचारायची गरजच नव्हती. दोन मिनिटांत फोटो काढला. दादाला खुर्चीवरून उठवलं, अक्षरशः बाहीला धरून, आणि स्वतः छापायला बसले. तेव्हा मला ते दिसलं. संगणकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात चेहरा गुळगुळीत करायची फुलाची खूण होती, आणि तिच्यासमोर 'सर्व चेहऱ्यांना लागू' अशी बरोबरची खूण मारून ठेवलेली. दादाने ते केव्हाचं लावलं होतं देव जाणे. म्हणजे मी काढायचं आणि याने पुसायचं! एकोणीस वर्षं ज्या पिंपात बाटल्या टाकल्या ते पिंप याने माझ्याच खोलीत आणून ठेवलं होतं, आणि मला पत्ता नाही.

मी ती खूण काढली, वणासकट फोटो छापले, नर्सबाईच्या हातात दिले. पैसे घेतले नाहीत. हात जोडले. ती म्हणाली, "तुमची चूक नाही कळतंय मला. पण पाटीवर नाव तुमचंच आहे ना?" आणि धावत गेली. ते मला झोंबलं, कारण ते खरं होतं. स्टुडिओतून जाणारा फोटो एकदा डोळ्यांखालून घालायला मला काय धाड भरली होती?

दार लागलं आणि मी दादाकडे वळले.

"कुणाला विचारून पुसलास?"

"अगं, ओरडतेस काय—"

"कुणाला विचारून पुसलास तिचा वण? तुझ्या बापाचा होता?"

"आपला बाप एकच आहे, तडतडे," दादा म्हणाला. विनोद सुचतो याला अशा वेळी! "एका बाईचं बिनसलं. बाकी दोनशे लोक खूश होऊन गेले ना? तू कधी विचारलंस का लोकांना काय हवंय? तुला आपलं जगाचे डाग टांगून ठेवायची हौस. सगळ्यांना नसते ती."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. या खिडकीतल्या फोटोमुळे गिऱ्हाईक येतं इथे. आईच्या फोटोमुळे. आहे तसा लावलाय तो!"

माझी नजर टाळून दादा संगणकाकडे गेला, काहीतरी उघडलं आणि बाजूला झाला.

पडद्यावर आई होती. तोच फोटो. लसूण, हात, हसू, सगळं तेच. फक्त डावा गाल उजव्यासारखा. कोड नव्हतं. खाली मापं टाकलेली होती, खिडकीतल्या चौकटीची.

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. हातातला रुमाल मी त्याच्या अंगावर फेकला, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं, आणि असतं तर तेही फेकलं असतं. "निर्लज्जा! आईला सुद्धा? रविवारी खोली ताब्यात आली की हाच टांगणार होतास, होय ना? जन्मदात्या आईचं तोंड पुसलंस! कुणाला विचारून?"

"तिनेच सांगितलं," दादा म्हणाला.

"थापा मारू नकोस."

"जा, विचार जा."

मी गेले. मागच्या खोलीत आई पलंगावर बसून उशीचे अभ्रे दुमडत होती. मी धाडधाड सगळं ओकले. नर्सबाई, वण, फुलाची खूण, पडद्यावरचा फोटो, दादाचं खोटं. "रविवार गेला खड्ड्यात. तू आत्ताच्या आत्ता त्याला सांग की चालता हो. माझ्या आईचा चेहरा पुसायची याची हिंमत होतेच कशी? कुणाला विचारून पुसला यानं?"

आईने हातातला अभ्रा पूर्ण दुमडला, बाकीच्यांवर ठेवला, आणि म्हणाली, "आणि तू कुणाला विचारून लावलास?"

"म्हणजे?" मी म्हटलं.

"मला विचारलं होतंस?" आईचा आवाज चढला नव्हता. माझ्या आईचा आवाज चढत नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आलाय. "चाळीस वर्षं मी हा गाल झाकला. बरोबर की चूक, ते माझं मी बघितलं असतं. तू नेऊन रस्त्यावर टांगलास. दीड हात मोठा. येणारा जाणारा थांबून बघतोय. भाजीवाली मला म्हणते, आजी, तुमचं एवढं मोठं आहे होय, कधी दिसलंच नव्हतं. माणसं माझ्याकडे बघतात, मग खिडकीकडे बघतात, जुळतंय का म्हणून. माझ्याच घराच्या दारात!"

"तू... तू म्हणालीस चांगला आलाय."

"तीस माणसं उभी होती तिथे. आणि तू हसत होतीस. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा हसत होतीस. त्या वेळी मी काय सांगणार होते, खाली काढ?"

"मग नंतर सांगायचंस! आठ महिने, आई! मला नाही, आणि दादाला सांगितलंस?"

"तुला सांगायला गेलं की तू चिडतेस," आई म्हणाली. "तो निदान ऐकून तरी घेतो. म्हटलं, खिडकीत फोटो राहू दे, तुझा धंदा चाललाय. नुसता तेवढा गाल नीट कर. हळूच बदलून टाक, तिला कळायचं नाही."

मला कळायचं नाही. आणि खरंच कळलं नसतं की काय कोण जाणे, कारण सात पायऱ्या मला कुठे कळल्या होत्या? बाई रोज दुखऱ्या गुडघ्यांनी मागच्या सात पायऱ्या उतरत होती, कशासाठी, तर पुढच्या खिडकीसमोरून जावं लागू नये म्हणून. आणि मी तिला धूळ पुसायचं फडकं आणून दिलं होतं! बाटलीतला केसाएवढा तडा एकोणीस वर्षं ओळखणारी मी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं, आपल्या डोळ्यात मुसळ घालून हिंडलो तरी पत्ता नाही. मला इतका राग आला होता, आणि तो टाकायला जागाच उरली नव्हती. दादावर टाकू? त्याने निदान तिचं ऐकलं तरी होतं.

"वाईट आला असता तर काही वाटलं नसतं," आई म्हणाली. "कुणी बघितलाच नसता. चांगला आलाय गं. म्हणूनच तर."

मी पुढे गेले, स्टुलावर चढले आणि खिडकीतला फोटो खाली काढला. दादा बघत होता. त्याने तोंड उघडलं, मी बोट वर केलं, त्याने तोंड मिटलं. फोटो मी आईकडे आणून भिंतीला टेकवला, तिच्याकडे तोंड करून. "काय करू याचं? फाडू?"

"वेडी आहेस का? माझ्या कपाटात ठेव. कपड्यांच्या मागे."

मग तिने दादाला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला. आई म्हणाली, "रविवारपर्यंत कशाला थांबायचं? खोली तिची आहे. ते पडद्याचं यंत्रबिंत्र काही नको. तुझं दुकान तू बघ."

"बघ, शेवटी लाडकी ती लाडकी," दादा कडवट हसला.

"लाडकी असती तर आत्ता तिला बोलले नसते," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "खोली तुझी. पण तोंड माझं आहे. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. दादा जिना चढून गेला. जाताना म्हणाला, "मी पुसला निदान तिच्या सांगण्यावरून."

चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना नर्सबाईचा फोन आला. अर्ज घेतला होता. "आता बसला विश्वास की मी मीच आहे," ती म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "पण तुमच्याकडे पुन्हा यायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही." बरोबर आहे तिचं.

शनिवारी सकाळी मी खोली झाडत होते. खिडकी रिकामी. मधोमध नुसता खिळा, आणि काचेतून पलीकडची सगळी रहदारी आत दिसायला लागलेली. दार उघडलं. आई होती, रस्त्याच्या दाराने आलेली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. हात गालाला होताच. तिने खिडकीकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं.

"आता काय लावणार इथे?"

"बघू. एखाद्या गिऱ्हाइकाला विचारते."

"स्वतःचा लाव की."

"माझा कशाला?" मी म्हटलं. "माझं थोबाड बघून येणारं गिऱ्हाईक परत जाईल."

आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझा एकही फोटो नाही. हजारो काढले, माझा एक नाही. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की तो प्रश्नच येत नाही. माझे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आहे, आणि वरच्या ओठावर जे आहे त्याला मिशीच म्हणावं लागेल. जगाचं आहे तसं टांगणारी मी, काय शहाणी!

"बस," आई म्हणाली. तिने स्टूल पायाने पुढे सरकवलं. "कुठलं बटण दाबायचं तेवढं सांग."

मी दाखवलं. बसले. दिवे डोळ्यांवर आले आणि मला पहिल्यांदा कळलं की ते किती लागतात. हात कुठे ठेवायचे कळेना. डावा हात आपोआप तोंडाकडे जायला लागला, दातांवर. मी तो मांडीखाली दाबला. आईने कॅमेरा दोन्ही हातांनी धरला होता, गाल उघडा, जीभ दातांत. तिने मला नीट बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली,

"हं. आज कुणाचा राग आला?"

"माझाच," मी म्हटलं, आणि तिने बटण दाबलं.

फोटो थोडा वाकडा आलाय. दात दिसतात, मिशी दिसते, भुवया अशा की समोरच्याला खाईन की गिळीन. तो मी तसाच छापला आणि त्या खिळ्याला टांगला. आई आता पुढच्या दाराने जाते, गालावर हात ठेवूनच, आणि मी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. लोक आत येतात आणि विचारतात, बाई, एवढ्या चिडलेल्या का दिसताय त्यात? मी म्हणते, होतेच चिडलेली, बसा. कॅमेरा उचलण्याआधी हल्ली मी आणखी एक गोष्ट विचारते. तुमचा फोटो खिडकीत लावला तर चालेल का? बहुतेक जण नाही म्हणतात. खिडकीत अजून माझा एकटीचाच आहे.